रायफलीचा स्कोप निवडताना वजन आणि कामगिरी यांचा मेळ कसा घालावा

स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, निवडताना बहुतेक जण आधी विशालन पाहतात, मग पुढच्या भिंगाचा व्यास आणि मग किंमत. वजनाचा आकडा माहितीच्या तक्त्यात तळाशी असतो आणि त्याकडे लक्ष जाते ते बहुधा स्कोप रायफलीवर चढल्यानंतरच. वास्तविक हा आकडा फार मोठ्या पल्ल्यात फिरतो. ल्यूपोल्डचा स्थिर अडीचपट विशालनाचा, २० मि.मी. भिंगाचा हलका स्कोप सुमारे १८५ ग्रॅम भरतो, स्वारोव्हस्कीच्या झेड-३ मालिकेतला ३-१०×४२ (तीन ते दहापट विशालन, ४२ मि.मी. भिंग) सुमारे ३६० ग्रॅम, तर व्हॉर्टेक्सचा रेझर एचडी जेन टू ४.५-२७×५६ जवळजवळ १,३७५ ग्रॅम. अधिक बोलकी तुलना एकाच मापाच्या दोन स्कोपांची आहे. ल्यूपोल्डचा मार्क ५एचडी ५-२५×५६ सुमारे ८५० ग्रॅमचा आहे आणि नाइटफोर्सचा एटीएसीआर ५-२५×५६ सुमारे १,०८० ग्रॅमचा. विशालन तेच, भिंग तेवढेच, तरी सव्वादोनशे ग्रॅमचा फरक. म्हणजे वजन केवळ मापांवरून ठरत नाही. ते कशासाठी खर्च झाले आहे, हे प्रत्येक स्कोपच्या बाबतीत वेगळे तपासावे लागते.

जड स्कोप वाईट आणि हलका चांगला, असा सरधोपट निकाल देता येत नाही. झीरो (ठरलेल्या अंतरावर गोळी नेमाच्याच जागी लागेल अशी जुळणी) टिकवण्यासाठी आणि टरेट (नेम वर-खाली किंवा आडवा सरकवणारी फिरकी) अचूक चालण्यासाठी लागलेले वजन मी कधीही मान्य करीन. आपण कधी वापरणारच नाही अशा विशालनासाठी किंवा आपला डोळा घेऊच शकणार नाही अशा प्रकाशासाठी लागलेले वजन मात्र नको. हा भेद कसा करायचा, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: काम लिहून काढा

कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: सर्वांत लांबचे अंतर, ज्यावर आपण खरोखर गोळी झाडणार आहोत, सर्वांत जवळचे अंतर, प्रकाश कसा असेल, रायफल हातात किंवा खांद्यावर किती वेळ राहील, आणि नेम उभ्याने, बसून की बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) आडवे पडून धरला जाईल. यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देणे सर्वांत कठीण असते, कारण आपण ज्या अंतराची स्वप्ने पाहतो आणि ज्या अंतरावर प्रत्यक्ष नेम मारतो त्यांत बरेचदा दुपटीचा फरक असतो.

डोंगरात दिवसभर चालून शिकार करणाऱ्याला ४०० ग्रॅमचा फरक संध्याकाळपर्यंत चांगलाच जाणवतो. मचाणावर गाडीने जाऊन बसणाऱ्याला तो जवळजवळ जाणवतच नाही, त्याला शेवटच्या पंधरा मिनिटांतला उजेड महत्त्वाचा असतो. आडवे पडून लांब पल्ल्यावर नेम मारणाऱ्याला तर वजन उपयोगीच पडते.

स्पर्धेत उतरणार असाल तर वजनाची मर्यादा नियमातच असते. एफ-क्लासमध्ये, म्हणजे आडवे पडून लांब पल्ल्यावर नेम मारण्याच्या स्पर्धेत, एफ-टीआर प्रकाराला ८.२५ किलो आणि एफ-ओपनला १० किलो अशी मर्यादा आहे; बेंचरेस्टच्या (रायफल मेजावर टेकवून नेम मारण्याच्या स्पर्धेच्या) लाइट व्हार्मिंट गटात ती साडेदहा पौंड, म्हणजे सुमारे ४.७६ किलो आहे. स्कोप या वजनात धरला जातो. इथे हिशेब अगदी सरळ आहे: स्कोपमध्ये वाचवलेले शंभर ग्रॅम बॅरलच्या जाडीत घालता येतात, आणि जाड बॅरल हळू तापते व कमी थरथरते. अशा गटांत हलक्या स्कोपसाठी जास्त पैसे मोजणे पूर्णपणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: सगळे वजन काट्यावर घ्या

उत्पादकाने दिलेले वजन नुसत्या स्कोपचे असते. स्कोप धरणाऱ्या रिंगा, त्या जिच्यावर बसतात ती रेल, झडपेची झाकणे, उन्हासाठी पुढे लावायची नळी, रायफल कलली का ते दाखवणारी बुडबुड्याची नळी, टरेट फिरवायचा दांडा हे सारे त्यात नसते. ॲल्युमिनियमच्या हलक्या रिंगांची जोडी शंभर ग्रॅमच्या आत बसते. पोलादी रिंगा आणि पोलादी रेल मिळून त्याच्या कित्येक पट भरतात. त्यामुळे कधी कधी असे होते की ६० ग्रॅमने हलका स्कोप मिळावा म्हणून भरपूर पैसे मोजलेले असतात आणि त्याच रायफलीवर दीडशे ग्रॅमचे अनावश्यक माउंट (रिंगा आणि रेल) निमूटपणे बसलेले असते.

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा या कामाला पुरतो. प्रत्येक वस्तू वेगळी तोलून तिच्यापुढे आकडा लिहावा आणि शेवटी बेरीज रिकाम्या रायफलीच्या वजनाशी ताडून पाहावी. खांद्यावर वाहायच्या रायफलीसाठी स्कोप आणि माउंट मिळून रायफलीच्या वजनाच्या साधारण सातव्या हिश्शात राहावेत, असा माझा ठोकताळा आहे. तीन किलोच्या रायफलीला म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. हा नियम नव्हे, पण बेरीज याच्या दुप्पट निघाली तर थांबून विचार करावा.

तिसरी पायरी: विशालन हिशेबाने ठरवा

निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनातला तपशील ओळखता येतो. ३०० मीटरवर एक कलामिनिट म्हणजे जवळजवळ ८.७ सें.मी. सहापट विशालनाने हाच तपशील दीड सेंटिमीटरपर्यंत खाली येतो, म्हणजे ३०० मीटरवरचे लक्ष्य ५० मीटरवर उभे असल्यासारखे दिसते. मोठ्या जनावराच्या शिकारीत नेम धरण्याची जागा वीस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असते. तिच्यासाठी सहापट पुरते आणि दहापट भरपूर होते. याउलट कागदी लक्ष्यावर ६ मि.मी. व्यासाचे छिद्र शंभर-दोनशे मीटरवरून पाहायचे असेल, किंवा हजार मीटरवर लक्ष्याच्या कडेला वारा मोजायचा असेल, तर वीसपट किंवा त्याहून अधिक विशालनाचे कारण खरे असते.

विशालनाचा वरचा आकडा वाढवण्याची किंमत फक्त वजनात मोजली जात नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते तेव्हा अधिक विशालनाने ती थरथरही मोठी होते आणि तपशील काही वाढत नाही. त्यामुळे पंचवीसपटीचा स्कोप हाताशी असलेले अनेक नेमबाज उन्हात तो बारा ते पंधरापटीवरच ठेवतात.

झूमचे गुणोत्तर हे वजनाचे दुसरे मोठे कारण आहे. ३-९ मध्ये ते तीनपट, २.५-१५ मध्ये सहापट. गुणोत्तर वाढते तशी आतल्या भिंगांची संख्या वाढते, ती सरकवणारी यंत्रणा लांब आणि गुंतागुंतीची होते आणि तिला जागेवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगवरचा भारही वाढतो. जवळच्या गर्द झाडीत दुपटीचे विशालन आणि उघड्या माळावर बारापटीचे, दोन्ही खरोखर लागत असेल तर सहापट गुणोत्तर घ्यावे. नसेल तर तीन-चारपट गुणोत्तराचा साधा स्कोप त्याच पैशात अधिक चांगली काच देतो आणि हलकाही असतो. स्थिर विशालनाच्या स्कोपांचे दिवस संपले असे म्हणतात, पण जिथे वजन आणि टिकाऊपणा या दोनच गोष्टींना किंमत आहे तिथे सहापटीचा स्थिर स्कोप आजही विचारात घेण्याजोगा आहे.

चौथी पायरी: पुढचे भिंग आणि आपल्या डोळ्याची बाहुली

सर्वाधिक वजन वाया जाते ते इथे. भिंगाचा व्यास वाढवून त्याची जाडी त्याच प्रमाणात वाढवली, तर काचेचे वजन व्यासाच्या घनाने वाढते. ४२ वरून ५६ मि.मी. वर गेल्यास व्यास एकतृतीयांशाने वाढतो, प्रकाश गोळा करणारे क्षेत्रफळ सुमारे १.७८ पट होते, पण काच जवळजवळ २.४ पट होऊ शकते. तिला धरणारी घंटेच्या आकाराची धातूची कडही तितकीच मोठी होते.

आता या वाढीव प्रकाशातला किती आपल्या पदरात पडतो, ते पाहू. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले विशालन, म्हणजे डोळ्याच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या झोताचा व्यास. त्यालाच एक्झिट प्युपिल म्हणतात. स्कोप हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे रोखला की नेत्रभिंगात पांढरी गोल चकती तरंगताना दिसते, तीच ही. पारदर्शक पट्टी लावून ती मोजताही येते: ४२ मि.मी.चा स्कोप सहापटीवर ठेवला की चकती ७ मि.मी. भरते, बारापटीवर नेताच ती आकसून साडेतीन मि.मी. होते. पूर्ण अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मि.मी. पर्यंत उघडते, वय वाढते तसे हे माप घटते आणि पन्नाशीच्या पुढे ते अनेकांच्या बाबतीत ५ मि.मी.च्या आसपास येते. बाहुलीपेक्षा रुंद झोत आला तर जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पंचावन्न वर्षांचा शिकारी संधिप्रकाशात आठपटीवर नेम धरत असेल, तर ४२ मि.मी.चे भिंग त्याला सव्वापाच मि.मी.चा झोत देते आणि त्याची बाहुली भरून जाते. ५६ मि.मी.चे भिंग त्याच विशालनावर ७ मि.मी.चा झोत देईल, पण त्यातला दोन मि.मी.चा भाग त्याला दिसणारच नाही. त्याने डोके किंचित हलवले तर चित्र चटकन काळे पडणार नाही, हा फायदा मोठ्या झोताचा आहे, पण उजेडाचा नाही. पंचविशीतल्या, रात्री मचाणावर बसणाऱ्या माणसासाठी मात्र तेच ५६ मि.मी.चे भिंग खरे उपयोगाचे आहे. म्हणून संधिप्रकाशासाठी स्कोप घेताना सर्वांत आधी स्वतःचे वय विचारात घ्यावे.

मोठ्या भिंगाचा आणखी एक तोटा तक्त्यात दिसत नाही. ५६ मि.मी.ची घंटा बॅरलला टेकू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात. स्कोप उंच गेला की गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, मग गालाखाली उंचवटा बांधावा लागतो, आणि त्याचेही वजन होते.

वजन न वाढवता उजेड वाढवणारी एकच गोष्ट आहे: भिंगांवरचा लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे वीस पृष्ठभाग धरले तर शेवटी निम्म्याहूनही कमी प्रकाश, साधारण ४४ टक्के, डोळ्यापर्यंत पोहोचेल. चांगल्या बहुस्तरीय लेपाने तोटा प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर आणला, तर तोच आकडा नव्वद टक्क्यांवर जातो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला तेव्हापासून हे तंत्र सुधारत आले आहे. उत्तम लेपाचा ४२ मि.मी.चा स्कोप सामान्य लेपाच्या ५० मि.मी.च्या स्कोपला सूर्यास्तानंतर सहज टक्कर देतो, आणि समोरून ऊन पडले असता तर बरेचदा मागेच टाकतो.

पाचवी पायरी: ट्यूब, टरेट आणि बाकीचे अवयव

ट्यूब एक इंच, म्हणजे २५.४ मि.मी., ३० मि.मी. किंवा ३४ मि.मी. व्यासाची असते. जाड ट्यूबमधून अधिक प्रकाश येतो हा समज चुकीचा आहे. जाड ट्यूबचा खरा उपयोग आतल्या रेटिकलच्या, म्हणजे नेमाच्या फुलीच्या, हालचालीला जागा मिळण्यात आणि भिंतीची जाडी वाढवता येण्यात आहे. हजार मीटरवर .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसाला शंभर मीटरच्या झीरोपासून साधारण १२ ते १३ मिल (एक मिल म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर) वर चढावे लागते, आणि कित्येक एक इंची स्कोपांची एकूण हालचालच १५ ते १७ मिल असते, जिच्यातली अर्धी झीरोच्या खाली पडून राहते. मात्र २० एमओए (कलामिनिट) उताराची रेल बसवली तर ५.८ मिल जवळजवळ फुकट मिळतात. ३०० मीटरच्या पलीकडे टरेट फिरवायचाच नसेल तर एक इंची ट्यूब, आणि झाकणाखालचे साधे टरेट, यांत काहीच कमी नाही.

पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणे) जुळवणारी बाजूची फिरकी लांब पल्ल्याच्या स्कोपला हवीच. शिकारीच्या स्कोपला ती किती आवश्यक आहे, हे आकड्यांवरून कळते. ४२ मि.मी. भिंगाच्या, १५० मीटरला पॅरॅलॅक्स जुळवलेल्या स्कोपमध्ये ३०० मीटरवरची चूक डोळा अगदी झोताच्या कडेला गेला तरी सुमारे २१ मि.मी. असते, आणि डोळा मध्यावर असेल तर जवळजवळ शून्य. प्रकाशित रेटिकलचे वजन थोडे असते. संधिप्रकाशात काळ्या पार्श्वभूमीवर ते उपयोगी पडत असल्याने ते काढण्याचा सल्ला मी देणार नाही.

सहावी पायरी: रायफलीवर होणारा परिणाम तपासा

धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या एकूण वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. स्कोपसह साडेतीन किलो भरणाऱ्या रायफलीवर ४०० ग्रॅम जड स्कोप बसवला तर धक्का सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. जोरदार काडतुसाच्या हलक्या रायफलीवर हे सुख लहान नाही, पण तेच ४०० ग्रॅम दस्त्यात किंवा बॅरलमध्ये घातले असते तर तोल बिघडला नसता.

तोलाचा प्रश्न असा की स्कोपचे वजन बॅरलच्या वर बसते. तीन किलोच्या रायफलीच्या गुरुत्वमध्यापासून सहा सेंटिमीटर वर ४०० ग्रॅमचा स्कोप बसवला तर एकूण गुरुत्वमध्य सुमारे ७ मि.मी. वर सरकतो, ९०० ग्रॅमचा बसवला तर जवळजवळ १४ मि.मी. एवढ्याने रायफल हातात वरून जड लागते, उभ्याने नेम धरताना बाजूला कलायला पाहते आणि पट्ट्यावर टांगली की पाठीवर उलटते. हे कागदावर कळत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी जमेल तर त्याच वजनाची वस्तू स्कोपच्या जागी घट्ट बांधून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, सुरक्षित दिशेला उभ्याने दहा-बारा वेळा खांद्याला लावून पाहावी.

रिंगांवरचा भारही स्कोपच्या वजनाबरोबर वाढतो. रायफल झटक्यात मागे जाते तेव्हा स्कोप जागेवरच राहू पाहतो आणि रिंगांना त्याला ओढून न्यावे लागते. वजन दुप्पट झाले की ही ओढही दुप्पट होते. किलोभराच्या स्कोपला रुंद रिंगा आणि मजबूत रेल लागते, म्हणजे वजनाने आणखी वजन ओढून आणले. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो, त्यामुळे तिथे जड स्कोप हळूहळू सरकण्याची शक्यता विशेष. अशा रायफलीसाठी खास सांगितलेलाच स्कोप घ्यावा आणि रिंगेला अडवणारी खीळ वापरावी.

सातवी पायरी: दोन-तीन स्कोप उरले की प्रत्यक्ष तुलना

इथपर्यंत आल्यावर यादीत दोन-तीनच नावे उरतात. ते स्कोप सूर्यास्तानंतर एकाच विशालनावर ठेवून एकाच झाडाच्या सालीकडे किंवा छापील पाटीकडे पाहावे आणि कोणत्या क्षणी कोणती अक्षरे हरवतात ते नोंदवावे. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच स्कोप सुंदर दिसतात, त्यामुळे तिथली तुलना जवळजवळ निरर्थक आहे. नेत्रभिंगापासून डोळा किती अंतरावर ठेवता येतो आणि थोडा सरकला तर चित्र किती चटकन जाते, हेही याच वेळी पाहावे.

टरेट फिरवून नेम धरणार असाल तर टरेट नेमके मोजते का, हे पाहणे अनिवार्य आहे. टेपने मोजलेल्या शंभर मीटरवर उंच कागद लावून त्यावर ओळंब्याने उभी रेषा काढावी. खालच्या खुणेवर नेम ठेवून काही गोळ्या झाडाव्यात, टरेट १० मिल चढवून त्याच खुणेवर नेम धरून पुन्हा झाडाव्यात. दोन्ही गटांतले अंतर बरोबर एक मीटर भरले पाहिजे. ९८ सेंटिमीटर भरले तर दोन टक्क्यांची तफावत आहे, ती ठाऊक असेल तर हिशेबात धरता येते; पण टरेट परत खाली आणल्यावर पहिला गट जिथल्या तिथे आला नाही, तर स्कोप हलका असो वा जड, तो परत करावा. जड स्कोप झीरो हमखास टिकवतो, असे गृहीत धरू नये. साध्या हलक्या स्कोपमध्ये धक्क्याने उसळणारे आतले वजनच कमी असते, ही त्याची जमेची बाजू आहे.

आठवी पायरी: बसवणी

हलक्या स्कोपची ट्यूब पातळ असते, त्यामुळे रिंगा जास्त आवळल्या तर ती दबते आणि आतली यंत्रणा अडकते. रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी बहुतेक उत्पादक १.७ ते २ न्यूटन-मीटर सांगतात. आपल्या रिंगांचा आणि स्कोपचा नेमका आकडा पाहून, दोहोंतला कमी असेल तो टॉर्क-पान्यावर लावावा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहील अशा बेताने, तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करून स्क्रू आवळावेत. मग मागच्या रिंगेच्या पुढच्या कडेला ट्यूबवर चिकटपट्टीचा अरुंद तुकडा टेकवून लावावा. वीस गोळ्यांनंतर पट्टी आणि रिंग यांच्यात केसाएवढी फट दिसली तर स्कोप पुढे सरकला आहे: रिंगा आतून तेलकट राहिल्या असतील, नाहीतर त्या या वजनासाठी अपुऱ्या आहेत. आधी स्पिरिटने पुसून पुन्हा बसवावे; फट परत दिसली तर रिंगा बदलाव्यात आणि नव्या रिंगांचे वजन दुसऱ्या पायरीतल्या बेरजेत मिळवावे.